क्रोशाचे मोजे ताणले जातात

‘क्रोशाचे मोजे ताणले जात नाहीत, मोजे विणावेत ते दोन सुयांवरच,’ हा समज विणकाम करणाऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्यामुळे अनेकजणी हे काम हातीच घेत नाहीत, याचे वाईट वाटते. सुती दोऱ्याने घट्ट मुके खांब (क्रोशाचा आखूड, दाट टाका) घातले तर मोजा ताठर होतो, हे खरे; पण तो दोष दोऱ्याचा आणि टाक्याचा आहे, क्रोशाचा नव्हे.

टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात. त्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात सुई घालून मुके खांब विणले, की उंच-खोलगट पट्टे उमटतात आणि ती वीण ओळींना आडव्या दिशेने चांगली ताणली जाते. म्हणून घोट्यावरची पट्टी आखूड ओळींत विणून तिची टोके जोडावीत, म्हणजे ताण नेमका पायाभोवती मिळतो. लोकर ७५ टक्के आणि नायलॉन २५ टक्के असे मिश्रण मोज्यांसाठी सर्रास मिळते. लोकर पुन्हा आकसते, नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. मोजा पायाच्या घेरापेक्षा सुमारे १० टक्के कमी ठेवावा, म्हणजे २२ सेंटिमीटर घेराला साधारण २० सेंटिमीटर. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत हिशोब हाच.

रंगांबाबत मात्र जपावे. नक्षीसाठी दुसरा रंग टाक्यांच्या आतून ओढत नेला, तर तोच धागा ताण अडवतो. त्यापेक्षा ओळीगणिक रंग बदलावा.