बियांना थंडी चालते की थंडी लागते?

हिवाळी पेरणी म्हणजे झाकलेल्या डब्यांत बी पेरून ते डबे हिवाळाभर उघड्यावर ठेवायचे. ती करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: ‘बियांना थंडी द्यावीच लागते, म्हणून तर डबे बाहेर ठेवायचे.’ काही रानफुलांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे, पण बहुतेक भाज्यांच्या बाबतीत साफ चूक. याच वाक्यावर भरवसा ठेवून कोणी टोमॅटोचं बी ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवतं आणि शेवटी बुरशी आलेला कागद फेकून देतं. कोणी मिल्कवीड या रानफुलाचं बी थंडी सरल्यावर पेरतं, तीन आठवडे वाट पाहतं आणि ‘बी मेलेलंच दिलं’ म्हणत डबा रिकामा करतं. पहिल्याने नको तिथे थंडी दिली आणि दुसऱ्याने हवी तिथे दिली नाही. दोघांनाही कोणी नीट सांगितलं नव्हतं की बियांना थंडी चालणं वेगळं आणि थंडी लागणं वेगळं.

पद्धत तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. दुधाचा अर्धपारदर्शक कॅन, बुडाला भोकं, मधोमध आडवा काप, मुठीकडची बाजू बिजागरीसारखी जोडलेली, आत चार बोटं भुसभुशीत मिश्रण, वर बी, मग चिकटपट्टी. टोपण काढून टाकायचं, म्हणजे पाऊस आणि बर्फाचं पाणी आत जातं. अमेरिकेतल्या ट्रूडी डेव्हिडॉफ यांनी ‘विंटर सोइंग’ या नावाने ही पद्धत घरोघरी पोचवली. कॅन की खोल ट्रे, चिकटपट्टी कुठली, भोकं किती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाणी खाली निघून जातंय आणि आत उजेड पोचतोय, एवढं असलं की पुरे. नावाच्या पट्टीबाबत मात्र मी हट्टी आहे. शिसपेन्सिलीनेच लिहा. ‘पर्मनंट’ म्हणवणाऱ्या मार्करची शाई उन्हाने उडते, आणि वीस डब्यांत वीस अनोळखी रोपं उगवून येतात.

आता मुद्दा. एखादं बी कुठल्या गटातलं, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: ओल्या मातीतल्या या बियाला आज ऊब दिली तर काय होईल?

कांद्याचं बी घ्या. पाच अंश सेल्सिअसला ते रुजायला साधारण 31 दिवस घेतं, दहा अंशांना 13 आणि वीस अंशांना सुमारे 5. लेट्यूसचं तसंच: पाच अंशांना सुमारे 15 दिवस, दहा अंशांना 7, वीस अंशांना जेमतेम 3. ऊब वाढली तसं बी लवकर आलं. म्हणजे थंडीने त्याचं काही भलं केलं नाही, फक्त त्याला रेंगाळत ठेवलं. त्याला हवं होतं पाणी, हवा आणि थोडी ऊब. ती मिळेपर्यंत ते गारठ्यात कुजलं नाही, गोठून मेलं नाही, तग धरून राहिलं. याला म्हणायचं थंडी चालणारं बी. कोबी, ब्रोकोली, केल, लीक, कोथिंबीर, शेपू, कॅलेंड्युला, स्नॅपड्रॅगन हे सगळे याच पंगतीतले.

मिल्कवीडचं बी घ्या आणि तेच करा. ताजं बी ओलं करून उबदार खोलीत ठेवा. दहा दिवस, वीस दिवस, महिना. एखाददुसरं उगवेल, बाकीची तशीच. ऊब आहे, पाणी आहे, हवा आहे, बी जिवंत आहे, तरी रुजत नाही. कारण ते सुप्तावस्थेत आहे. आधी महिना-दीड महिना ओल्या गारठ्यात काढल्याशिवाय ती सुप्तावस्था सुटत नाही. थंडी लागणारं बी ते हे. पेनस्टेमन या रानफुलाच्या बऱ्याच जाती, सफरचंद आणि पीच यांची बियाणी याच गटात येतात. सफरचंदाला तर दोन ते तीन महिने द्यावे लागतात.

निसर्गात याला फार साधा अर्थ आहे. मिल्कवीडचं बी झडतं शरद ऋतूत. तेव्हा माती अजून कोमट असते, पाऊसही पडतो. त्या वेळी ते रुजलं तर दोन पानांचं रोप पहिल्याच कडाक्यात जाईल. म्हणून हिवाळा येऊन गेल्याची खातरजमा केल्याशिवाय हे बी उठत नाही. आत काय चालतं तेही ठाऊक आहे: बी झोपवून ठेवणारं अ‍ॅबसिसिक आम्ल आणि उगवणीला चालना देणारं जिबरेलिन यांच्यात रस्सीखेच असते, आणि ओल्या गारठ्यात पारडं हळूहळू जिबरेलिनकडे झुकतं.

मग भाज्यांत ही सुप्तावस्था एवढी क्वचित का? कारण ती आपणच घालवली. हजारो वर्षं शेतकऱ्याने पेरलं, जे वेळेवर आणि एकदम उगवलं त्याचंच पीक हाती आलं, त्याचंच बी पुढच्या वर्षाला ठेवलं. आळशी बियांचा वंश वाफ्यातून बाद होत गेला. रानफुलांची अशी निवड कोणी केली नाही. म्हणून ढोबळ अंदाज असा बांधता येतो की पीक जितकं जुनं माणसाळलेलं, तितकी त्याला थंडी लागण्याची शक्यता कमी. फळझाडं याला अपवाद, कारण त्यांची आपण कलमं करत आलो, बियांकडे फारसं पाहिलंच नाही.

हा फरक मला वाचून नाही, दोन डबे घरात आणल्यावर पटला. एकाच दिवशी पेरलेले, शेजारी शेजारी ठेवलेले, एकात कांदा आणि दुसऱ्यात मिल्कवीड. पेरून चार दिवस झाले होते, माती वरून कडक झाली होती. दोन्ही डबे खिडकीशी ठेवले. आठवड्याभरात कांदा आला. कांद्याचा कोंब सरळ वर येत नाही, गुडघा दुमडावा तसा वाकलेला येतो, मग शेंडा सोडवून उभा राहतो आणि त्याच्या टोकाला बियाचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. अशा टोप्या घातलेली पन्नासेक रोपं एका डब्यात, आणि शेजारच्या डब्यात नुसती माती. एक बी काढून नखाने दाबून पाहिलं. घट्ट होतं. वरची तपकिरी पापडी सोलली तर आत पांढराशुभ्र गर्भ. कुजलेलं बी दाबलं की पिचकतं, आतून करडं पाणी येतं. हे तसं नव्हतं. डबा पुन्हा बाहेर ठेवला आणि बर्फ वितळल्यावर त्यातलं मिल्कवीड भराभर उगवलं.

इथे आणखी एक गैरसमज येतो आणि तो मला सर्वांत जास्त खुपतो: जितका कडक हिवाळा तितकं बियाला चांगलं. तसं नाही. सुप्तावस्था सोडवणारी थंडी असते ती साधारण एक ते दहा अंशांमधली, त्यातही चार-पाच अंशांच्या आसपासची. बियाच्या आत जे काम चालायचं असतं त्याला न गोठलेलं पाणी लागतं. उणे पंधरा अंशांत दगड झालेल्या मातीत ते काम जवळपास थांबतं. म्हणजे तुम्ही ‘दोन महिने थंडी दिली’ असं म्हणता तेव्हा त्यातले किती दिवस माती ओली आणि न गोठलेली होती, ते मोजायला हवं. डब्यातल्या बियांना हे दिवस मिळतात हिवाळ्याच्या दोन टोकांना, गोठण सुरू होण्याआधी आणि ती सुटताना. म्हणून थंडी लागणारं बी मी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच पेरतो, ऐन मध्यावर नाही.

ओल हा शब्द तर लोक सोडूनच देतात. पाकिटातलं कोरडं बी फ्रिजमध्ये वर्षभर ठेवलं तरी त्याला ‘थंडी मिळाली’ असं होत नाही. ती साठवण झाली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 साली सुरू झालेल्या बियाणं कोठारात जगभरातलं बी उणे 18 अंशांना, कोरडं करून ठेवलेलं आहे. ते तिथे ठेवलंय ते लवकर उगवावं म्हणून नव्हे, वर्षानुवर्षं तसंच टिकावं म्हणून. कोरडी थंडी बियाचं आयुष्य वाढवते, ओली थंडी त्याची झोप मोडते. बाहेर ठेवलेल्या डब्यात ओल आपोआप मिळते, हाच त्या पद्धतीचा मोठा गुण. ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य आहे त्यांनी फ्रिज वापरावा, पण बी ओलसर वाळूत मिसळून. आणि लेट्यूससारखं थंडी चालणारं बी चुकूनही तसं ठेवू नये, ते पंधरा दिवसांत फ्रिजमध्येच मोड काढून बसतं.

मधल्या गटाबद्दल थोडक्यात. जांभळं एकिनेसिया आणि लॅव्हेंडर थंडीशिवायही उगवू शकतात, पण मागेपुढे, चार आज, तर दोन महिनाभराने. थंडी मिळाली की उगवण एकसारखी होते. यांना मी सरळ ‘लागते’ या गटात धरून पेरतो, म्हणजे विचार करावा लागत नाही.

टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, झिनिया यांना थंडी लागतही नाही आणि धडपणे चालतही नाही. टोमॅटोचं बी दहा अंशांना रुजायला सुमारे 43 दिवस घेतं आणि पंचवीस अंशांना 6. ते त्रेचाळीस दिवस ते फुगलेल्या अवस्थेत गार चिखलात पडून राहतं, आणि तिथे बुरशीला आयतं सापडतं. यावर हमखास उत्तर मिळतं की ‘आमच्याकडे गळलेल्या टोमॅटोतून दरवर्षी आपोआप रोपं येतात, म्हणजे त्यांना थंडी लागतेच.’ नाही. गळलेल्या एका टोमॅटोत शेकड्याने बिया असू शकतात. त्यातली बहुतेक कुजली, पाखरांनी खाल्ली किंवा अवेळी रुजून मेली. वाचलेली चार दिसली, कारण मेलेली कोणाला दिसत नाहीत. ती चार थंडी असूनही उगवली, थंडीमुळे नव्हे. टोमॅटोसाठी डबा जरूर वापरा, पण कडाका ओसरल्यावर पेरा आणि रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तेव्हा वर पांघरूण टाका.

या सगळ्या गोंधळाला बियांच्या पाकिटांवरचा ‘हार्डी’ हा शब्दही जबाबदार आहे. तो वाढलेल्या झाडाबद्दल असतो. झाड किती थंडी सोसतं ते त्यावरून कळतं, बियाला थंडी हवी की नको ते कळत नाही. केल चांगला काटक, पण त्याच्या बियाला थंडीची गरज शून्य. ‘थंडीतलं पीक’ याचंही तेच. पाकिटाच्या मागे पेरणीच्या सूचनेत ‘स्ट्रॅटिफिकेशन’ किंवा ‘इतके दिवस ओल्या थंडीत ठेवा’ असं लिहिलंय का, तेवढंच पाहा. पूर्वी बी आणि ओली वाळू यांचे थरावर थर रचून ठेवत, त्यावरून तो शब्द आला. त्या शब्दातही ओल आहेच.

पेरणीच्या तारखा या एका फरकावर ठरतात. सगळे डबे एका सुट्टीच्या दिवशी भरून एकदम बाहेर मांडायची हौस मी समजू शकतो, पण ती सोडावी. थंडी लागणारी बियाणी सर्वांत आधी, कारण त्यांना दिवस मोजून हवेत. थंडी चालणाऱ्यांना घाई नाही. ती हिवाळ्याच्या शेवटी पेरली तरी माती दहा अंशांच्या पुढे गेली की त्याच सुमारास उगवतात, उलट बी कमी दिवस ओल्यात पडल्याने नासाडी कमी. ऊब हवी असणारी शेवटी. ऊन चढू लागलं की तिन्ही प्रकारच्या डब्यांची झाकणं दिवसा उघडी ठेवायची, नाहीतर बंद कॅनमध्ये कोवळी रोपं दुपारी शिजतात.

आणि न उगवलेला डबा ओतण्याआधी नाव वाचा. कांदा किंवा लेट्यूस असेल, ऊब येऊन तीन आठवडे झाले असतील, तर बी गेलं, पुन्हा पेरा. थंडी लागणारं असेल तर एक-दोन बिया काढून नखाने दाबा. घट्ट असल्या तर डबा सावलीत, ओलसर ठेवा. थंडी पुरी पडली नसेल आणि वरून एकदम उन्हाळा लागला असेल तर असं बी पुन्हा झोपी जातं, पुढच्या हिवाळ्यानंतर उगवतं. पिओनीसारख्या काही फुलझाडांच्या बिया तर आधी उबेत मूळ सोडतात आणि त्यानंतरची थंडी काढल्याशिवाय कोंब वर काढत नाहीत, म्हणजे मातीच्या वर महिनोन्‌महिने काहीच नाही आणि खाली बोटभर मूळ. तो डबा ओतला तर ते मूळ तुटतं.