दोन हेक्टरची रेघ

वऱ्हाडात २००८ च्या कर्जमाफीचा विषय निघाला की गाडी आजही एकाच शब्दापाशी अडते: अल्पभूधारक.

आर्थिक न्यायाचा आधुनिक वाद १९७१ मध्ये पेटला. विषमता चालेल, पण तिच्यातून तळातल्या माणसाचे भले होत असेल तरच, असे एका अमेरिकी तत्त्वज्ञाने मांडले. १९७४ मध्ये त्याच्याच विद्यापीठातल्या सहकाऱ्याने उलट बाजू घेतली: मिळकत रास्त मार्गाने आली असेल, तर ती वाटून टाकायचा हक्क सरकारला नाही. मग १९७९ मध्ये एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाने मुळाला हात घातला. समानता, पण कशाची? हातात किती आहे ते मोजू नका, त्यातून माणसाला काय करता येते ते मोजा.

कास्तकाराला हे समजावून सांगावे लागत नाही. पाच एकर ओलित आणि पाच एकर कोरडवाहू एक नव्हे. राज्याच्या कायद्यालाही हे ठाऊक होते. १९७५ पासूनच्या कमाल जमीन मर्यादेत बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, तर कोरडवाहूला ५४ एकर. म्हणजे सरळ एकास तीन. जमीन काढून घेताना हा फरक धरला. २००८ मध्ये दिलासा देताना केंद्राने तो सोडला आणि देशभर एकच रेघ ओढली: २ हेक्टर.

ज्याच्या सातबाऱ्यावर २ हेक्टर ४३ आर लिहिलेले, म्हणजे जेमतेम सहा एकर वावर, त्यात पावसावरची पऱ्हाटी आणि तुरीचे तास, तो कागदावर 'इतर शेतकरी' ठरला. पाटाच्या पाण्यावर चार एकर ऊस असलेल्याचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ. इथल्याला २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते. तेही उरलेले भरल्यावर. माझ्या मते या निर्णयातला हा सर्वात मोठा अन्याय होता. 'अल्प' हे जमिनीचे माप होते, उत्पन्नाचे कधीच नव्हते.

पुढे राज्याच्या माफीत रेघ जमिनीवरून रकमेवर गेली: २०१७ मध्ये दीड लाख, २०१९ मध्ये दोन लाख. तेव्हा दुसरीच तक्रार पुढे आली. बायकोचे डोरले गहाण ठेवून मार्चअखेर सोसायटीचे कर्ज भरणारा विचारू लागला, माझ्या इमानाचे काय? त्याच्यासाठी आधी २५ हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम आली. ओलित-कोरडवाहूचा फरक मात्र दोन्ही वेळा बाहेरच राहिला.