एकच काडतूस, अनेक रायफली

उडालेल्या काडतुसांत नवी दारू-गोळी घालून ती घरीच पुन्हा भरणाऱ्यांमध्ये सध्या एका विचाराची चलती आहे. प्रत्येक रायफलीसाठी वेगळे प्रमाण शोधत बसण्यापेक्षा दारू, गोळी आणि प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) यांचा असा एकच मेळ ठरवायचा, जो आपल्याकडच्या तिन्ही-चारही रायफलींतून बरा चालेल. हे नवीन वाटत असले, तरी लष्कराने सुरुवातीपासून दुसरे काही केलेलेच नाही.

ठासणीच्या बंदुकीचा काळ याच्या अगदी उलट होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले कारागीर हाताने रायफली घडवत. प्रत्येक नळीचा व्यास निराळा, त्यामुळे गिऱ्हाइकाला रायफलीसोबत तिच्याच मापाचा गोळी ओतण्याचा साचा मिळे. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत बसेलच असे नाही.

१८६० च्या दशकात मध्यभागी प्रायमर असलेली धातूची काडतुसे आली. इंग्रज एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडाला मधोमध एकच छिद्र असते. साध्या पिनेने जुना प्रायमर बाहेर ढकलला की पुंगळी पुन्हा भरायला मोकळी. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत हे जिकिरीचे होते. गंमत अशी, की बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला त्यामागे हेही एक कारण आहे. जॉन बार्लो यांच्या 'आयडियल' कंपनीची हातातली अवजारे १८८० च्या दशकात तिथे विकली जाऊ लागली.

लष्कराची गरज वेगळी. .३०३ (नळीच्या मापावरून पडलेले काडतुसाचे नाव) ली-एनफिल्ड रायफली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि आपल्या ईशापूर इथल्या कारखान्यांत बनल्या. त्यांची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीतही बनत. खडकीचे काडतूस कुठल्याही कारखान्याच्या रायफलीत बसून सुटले पाहिजे, एवढाच हिशेब. कोणत्या नळीला काय 'आवडते' हे विचारायला कुणाला सवड होती? कारखान्यात भार (दारूचे प्रमाण) ठरे तो गोळीचा वेग आणि चेंबरमधला, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या खोबणीतला, दाब पाहून. दारूची नवी खेप आली की वजन पुन्हा जुळवायचे, वेग तोच ठेवायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी शिल्लक राहिलेली लष्करी दारू सामान्य ग्राहकांना विकायला घेतली. पुढे घरगुती वापरासाठी खेपेगणिक फारशी न बदलणारी दारू मिळू लागली. त्यामुळेच किती दारू भरायची हे सांगणाऱ्या छापील तक्त्यांना अर्थ आला. तरीही छंदिष्टांचा कल 'ही रायफल, हे प्रमाण' असाच राहिला. क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी 'लॅडर' (शिडी) चाचणी भार पायरीपायरीने वाढवत एका नळीसाठी योग्य भार शोधते. डॅन न्यूबेरी यांनी मांडलेल्या पद्धतीचा रोख मात्र दुसरीकडे आहे: भार किंचित इकडेतिकडे झाला तरी नेम फारसा हलणार नाही, असे सहनशील प्रमाण शोधायचे. असे प्रमाण दुसऱ्या रायफलीतही बिघडण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा तर्क. .३०८ या काडतुसात सिएरा कंपनीच्या १६८ ग्रेन (वजनाचे माप) वजनाच्या, स्पर्धेसाठीच्या 'मॅच' गोळीने याची चुणूक आधीच दाखवली होती. फेडरल कंपनीची ती गोळी भरलेली तयार काडतुसे कितीतरी वेगवेगळ्या रायफलींतून चोख जातात.

अडचणी आहेतच. एका चेंबरमध्ये उडालेली पुंगळी त्याच चेंबरचा आकार घेते. दुसऱ्यात ती अडकू शकते. म्हणून फक्त मान (गोळी धरणारे अरुंद तोंड) नव्हे, सगळी पुंगळी मूळ मापावर आणावी लागते. काडतुसाची लांबी सर्वांत आखूड मॅगझिनला (रायफलीतल्या काडतुसांच्या खणाला) जुळवावी लागते. आणि भाराची मर्यादा ज्या रायफलीत दाब सर्वाधिक चढतो तिने ठरवायची; सैल चेंबरमध्ये निर्धोक ठरलेला भार घट्ट चेंबरमध्ये धोक्याचा ठरू शकतो. (भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवताच येत नाहीत, त्यामुळे हा छंद आपल्याकडे वाचण्यापुरताच.)

माझ्या मते 'नळीच्या आवडीनिवडी'चा बराच भाग एकाच लक्ष्यावर झाडलेल्या तीन-तीन गोळ्यांच्या गटांनी जन्माला घातला आहे. तेच काडतूस त्याच रायफलीतून दहा-दहाच्या गटांनी झाडले, की कालचा चमत्कारी भार बहुतेकदा शेजारच्या भारापेक्षा वेगळा दिसत नाही.