एका घरात तीन इयत्ता
(मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांसाठी, सोलापुरातल्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाकडून)

जून आला की काउंटरवर एक यादी हमखास येते: दुसरी, पाचवी, आठवी, प्रत्येकी पूर्ण संच. पोरं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. अशा गिऱ्हाइकाला आमचा पहिला सल्ला धंद्याला मारकच असतो. सगळं घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. गणित आणि भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी आणि छापील घ्या, मोबाइलवर गणित सोडवायला बसलेलं पोरगं पाच मिनिटांत भलतीकडेच सापडतं. बाकी विषयांना घरात एक संच पुरतो, तोही थोरल्याचा.

एका घरात तीन शाळा भरवायला गेलात तर महिन्याभरात आई थकते. (आईच म्हणतो, कारण यादी बहुतेक वेळा तीच घेऊन येते.) विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला सगळ्यांना एकत्र बसवून घ्या. विषय एक, काम ज्याच्या त्याच्या वयाचं.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी अभ्यासाचा खोळंबा होतो अशी तक्रार ऐकतो, तर त्या दिवशी टाकीच घ्या शिकवायला. धाकटा बादल्या मोजेल. मधली एका बादलीत किती लिटर ते बघून गुणाकार करेल. थोरल्याने गोल टाकीला दोरी गुंडाळून परिघ काढायचा. तो 314 सेंटिमीटर आला तर त्रिज्या 50, आणि उंची 125 असेल तर घनफळ साधारण 981 लिटर. टाकीवर लिहिलेलं असतं 1000! मग फरक कुठे गेला यावर तिघांचं भांडण लागेल. लागू द्या, अर्धा तास तुम्हाला मोकळा मिळतो.

दुसरा धडा अंथरुणावरच आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणायच्या खास मागावर विणतात, आणि ती आधी चौकटींच्या कागदावर काढावी लागते: एक चौकट भरलेली, एक रिकामी. आमच्याकडची मोठ्या चौकटींची वही घ्या, घरातल्या चादरीचा एक कोपरा उतरवायला सांगा. धाकट्याला रंग भरायचे, मधलीला सममितीचा अक्ष शोधायचा, थोरल्याला भरलेल्या चौकटींची टक्केवारी. एक वही तिघांत चालते.

इतिहासाला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी चक्कर मारा. 1930 चा सोलापुरातला मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. लहानग्याला गोष्ट पुरे, थोरल्याने सविनय कायदेभंगाशी दुवा जोडावा.

वेळेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सात ते दहा एवढंच. आधी धाकट्याला वीस मिनिटं घ्या. त्याला आधी मोकळं केलं नाही तर तो कुणालाच बसू देत नाही. थोरल्याने त्याला गोष्ट वाचून दाखवावी, पण रोजचा मास्तर बनवू नका, त्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर समजावून त्याच भाषेत सांगा, लिहून मराठीत घ्या. आपल्या गावात हे काही नवं नाही.

कागदपत्रांचं आधीच बघून ठेवा. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 6 ते 14 वयासाठी आहे, आणि त्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळी तरतूद नाही. दहावीसाठी दोन वाटा सगळ्यांना माहीत आहेत: राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा), किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, जिथे दहावीला किमान वय 14 लागतं. तारखा आणि फी दरवर्षी मंडळाच्या संकेतस्थळावरच बघा, आमच्या काउंटरवर विचारू नका.

प्रत्येक मुलाची एक बॉक्स फाइल ठेवा, रंग वेगळा. दर आठवड्याचं एकच काम, तारीख घालून, आत टाका. चादरीचा कोपरा सुद्धा चालेल. फाइली तीन रंगांत ठेवल्या आहेत, आणि मागच्या वर्षीची गणिताची पुस्तकं चांगल्या अवस्थेत असतील तर आणा, धाकट्याच्या वह्यांच्या बिलात वळती करू.