विंटेज पोर्ट आणि किंता दो नोव्हाल

विंटेज पोर्ट : पोर्तुगालच्या उत्तर भागातील दोरू नदीच्या खोऱ्यात, विशेष चांगल्या ठरलेल्या एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेले आणि बाटलीत दीर्घकाळ मुरवले जाणारे गोड, तीव्र मद्य. ‘विंटेज’ म्हणजे नुसते जुने, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हा शब्द द्राक्षतोडणीच्या सालाशी बांधलेला आहे. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन नावापुरतीच या कुळातली होय.

दोरूच्या द्राक्षप्रदेशाची सीमा 1756 मध्ये, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने, सरकारी हुकमाने आखली गेली आणि ग्रॅनाइटचे खांब रोवून ती पक्की करण्यात आली. इथली जमीन म्हणजे शिस्ट नावाचा, पापुद्र्यांनी सुटणारा खडक. त्याच्या भेगांतून वेलीची मुळे पाण्याच्या शोधात खोल उतरतात. तोडलेली द्राक्षे परंपरेने दगडी हौदांत पायांनी तुडवली जातात. आंबण्याची क्रिया निम्म्यावर आली, म्हणजे दोन-तीन दिवसांत, तिच्यात साधारण 77 टक्के मद्यार्क असलेला द्राक्षांचाच अर्क मिसळला जातो. त्यामुळे यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते.

इथपर्यंत बहुतेक पोर्टचा प्रवास सारखाच असतो. विंटेज पोर्ट मात्र पिंपात दोनेक वर्षेच राहते, नंतर न गाळता बाटलीत भरले जाते आणि उरलेले आयुष्य, कधीकधी अर्धशतकाहून अधिक, तिथेच काढते. साल विंटेज म्हणून ‘जाहीर’ करायचे की नाही हे उत्पादक ठरवतो, नमुन्यांना नियामक संस्थेची मान्यता घ्यावी लागते आणि दशकात सरासरी तीनदाच असा योग येतो. आडव्या ठेवलेल्या बाटलीत गाळाचा जाड थर धरतो. तो कोणत्या बाजूला बसला आहे हे कळावे म्हणून पूर्वी बाटलीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पांढरा फटकारा मारत. बूच इतके जीर्ण झालेले असते की स्क्रू लावताच त्याचा भुगा होतो. अशा वेळी लालबुंद तापवलेला चिमटा बाटलीच्या मानेभोवती धरून लगेच ओले फडके लावतात, की मान बुचासकट स्वच्छ तुटून हातात येते.

पोर्टच्या व्यापारावर दीर्घकाळ ब्रिटिश पेढ्यांचा वरचष्मा होता. त्या निरनिराळ्या मळ्यांचे मद्य एकत्र करून आपापल्या घराण्याच्या नावाने विकत. किंता दो नोव्हालची कीर्ती मात्र एका मळ्याच्या नावावर उभी आहे. पिन्यांव नदीच्या खोऱ्यातील या मळ्याचा उल्लेख 1715 पासून मिळतो. फायलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने दोरू उजाड केल्यावर, 1894 मध्ये, तो आंतोनियो जोझे दा सिल्व्हा यांनी विकत घेतला. त्यांचे जावई लुईश व्हाश्कोन्सेलुश पोर्तू यांनी डोंगरउतारावरच्या लागवडीच्या अरुंद पायऱ्या मोडून रुंद, चुन्याने पांढरे केलेले बांध घातले, आणि मळ्याची दुरून पटणारी ओळख आजही तीच आहे.

किडीवरचा युरोपभरचा उपाय म्हणजे या किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी वेलीच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, कलम करणे (खुंट हा शब्द नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यातला आहे, जरी तिथे खुंट वापरण्याची कारणे वेगळी असली तरी). नोव्हालच्या सुमारे दोन हेक्टर तुकड्यात मात्र वेली आजही स्वमुळांवर उभ्या आहेत. परक्या खुंटाचा आधार नाही, म्हणून त्यांच्या मद्याला ‘नासियोनाल’, म्हणजे ‘राष्ट्रीय’, म्हणतात. या तुकड्याला बहुधा स्वतःचेच पंचांग असावे, कारण उरलेल्या मळ्याचे चांगले साल आणि याचे चांगले साल नेहमी जुळत नाही.

1931 चे पीक उत्कृष्ट होते, पण जागतिक मंदी होती आणि 1927 चा माल अजून खपायचा होता, म्हणून बहुतेक पेढ्यांनी ते साल जाहीर केले नाही. नोव्हालने केले, आणि इंग्लंड-अमेरिकेतील त्याचा लौकिक मुख्यतः त्या धाडसातून वाढला. 1981 मध्ये दोरूच्या मुखाजवळ, पोर्तो शहरासमोर वसलेल्या व्हिला नोव्हा दे गाया येथील गोदामाला लागलेल्या आगीत मद्याचा मोठा साठा आणि जुनी दप्तरे भस्मसात झाली. सर्व पोर्ट गायामधूनच निर्यात करण्याची सक्ती 1986 मध्ये उठल्यावर नोव्हालने आपला कारभार दोरूतच नेला. 1993 पासून तो आक्सा या फ्रेंच विमा समूहाच्या मालकीचा आहे.