चुना वाळायच्या आत

रोममधल्या फार्नेसे राजवाड्यात आज फ्रान्सचा दूतावास आहे. तिथल्या एका लांबट दालनाच्या कमानदार छतावर ग्रीक-रोमन देवांची प्रेमप्रकरणं रंगवलेली आहेत. ती रंगवून घेतली कार्डिनल ओदोआर्दो फार्नेसे या धर्मगुरूने, हे विशेष! चित्रकार अन्नीबाले कार्राचीने १५९७च्या सुमारास काम हाती घेतलं आणि छताआधी शेकडो कागद रंगवले.

एवढी तयारी कशासाठी? उत्तर चुन्यात आहे. छत रंगवलं ते फ्रेस्को या भित्तिचित्राच्या पद्धतीने. तीत रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या गिलाव्यावर लावतात. गिलाव्यातला विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. रंगाचे कण या स्फटिकांच्या थरात अडकतात, त्यामुळे डिंक किंवा सरस लागत नाही. मात्र रंगवण्याचं काम काही तासांतच साधावं लागतं. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी थापायचा. हात चुकला तर तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा करायचा. त्यातून ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिकट होतो. परांचीवर मान वर करून विचार करत बसायची सोयच नव्हती. डोकं खाजवायचं ते कागदावर.

अन्नीबालेचे कागद म्हणूनच मला छताइतकेच मोलाचे वाटतात. मधल्या मुख्य चित्रात मद्यदेव बॅकस आणि त्याची प्रिया अरिआद्ने यांची मिरवणूक आहे. तिची मांडणी कागदावर पुन्हा पुन्हा बदललेली दिसते. मग एकेका आकृतीचा अभ्यास: जिवंत माणसाला समोर बसवून निळसर-करड्या कागदावर काळ्या खडूने छाया आणि पांढऱ्याने उजेड. मधली छटा कागदाचा रंगच पुरवतो.

शेवटी छतावरच्या मापाचं चित्र काढायचं. अनेक कागद चिकटवून केलेली, सुमारे चार मीटर रुंदीची अशी दोन चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. ती अन्नीबालेचा भाऊ अगोस्तिनो याची. रेषा गिलाव्यावर उतरवायचे मार्ग दोन: रेषांवर सुईने भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड झटकायची, किंवा कागद गिलाव्यावर धरून टोकदार हत्याराने रेषा दाबायच्या. कागदाचे दिवसागणिक तुकडे कापले जात, ओल्या चुन्याला चिकटून ते खराबही होत. त्यामुळे असे मोठे कागद क्वचितच उरले.