ग्रीस, गॅप आणि गुडघा

हाडांच्या डॉक्टरांच्या ओपीडीत तासभर बसलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पेशंट म्हणतात, ‘ग्रीस संपलंय हो गुडघ्यातलं.’ आणि डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणतात, ‘गॅप राहिलेला नाही.’ आत्याच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. फोटोत वर मांडीचं हाड, खाली नडगी. बाहेरच्या बाजूला दोघांमध्ये काळी फट आणि आतल्या बाजूला मात्र हाडावर हाड टेकलेलं. आपल्याकडच्या बहुतेक गुडघ्यांची झीज अशीच आतून सुरू होते, आणि मग पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात.

ती काळी फट रिकामी नसते. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो एक्स-रेला दिसत नाही इतकंच. या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मोडलेलं हाड जुळतं तशी झिजलेली कूर्चा भरून येत नाही. राहिलं ग्रीस. सांध्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव असतो खरा, पण तो संपत नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर उलट जास्तच साठतो. तरीही वंगणाचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास नेमका त्याच प्रश्नापासून सुरू होतो, फक्त तो गुडघ्यात नाही, खुब्यात सुरू होतो.

त्याआधीचे प्रयत्न धाडसी होते आणि बहुतेक फसले. 1890 मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. एक्स-रेचा शोध त्यानंतर पाच वर्षांनी लागला, म्हणजे आत काय आहे ते फाडल्यावरच कळायचं. हाडात बिजागरी पक्की करायला त्यांनी प्लॅस्टर आणि राळ वापरून पाहिली. सांधे सुरुवातीला हललेही, पण क्षयाचा जंतुसंसर्ग आतच होता आणि जखमा पुन्हा वाहू लागल्या. 1923 मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी बसवली. ती माणसाच्या वजनाखाली फुटली. 1938 मध्ये लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी गोळा आणि वाटी दोन्ही स्टीलची केली. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमधल्या ज्युदे बंधूंनी अॅक्रिलिकचे गोळे आणले आणि सुरुवातीला ते बरेच वापरलेही गेले.

इथे जॉन चार्नली हे ब्रिटिश सर्जन येतात. लँकेशायरमधल्या बरी गावचे, जन्म 1911 चा. त्यांच्याकडे ज्युदे गोळा बसवलेला एक पेशंट आला. त्याचा खुबा वाजायचा. जेवणाच्या टेबलावर पुढे झुकला की असा करकरायचा, की बायको खोलीतून उठून जायची. हा किस्सा सर्जन मंडळी आजही हसत सांगतात. चार्नलींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जे कुरकुरतं ते घासतं, आणि जे घासतं ते हाडातून सैल होतं, एवढा सरळ हिशेब त्यांनी मांडला. खऱ्या सांध्यांचं घर्षण मोजल्यावर आढळलं की कूर्चेवर कूर्चा बर्फालाही लाजवेल अशी सरकते, आणि मधला द्रव पुसून काढला तरी फारसा फरक पडत नाही. निसरडेपणा मुख्यतः कूर्चेचाच. तो द्रव कूर्चेसाठी बनलेला आहे, प्लास्टिकला त्याचा उपयोग नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याला वंगण मिळणारच नाही असं धरून चालायचं आणि मुळातच निसरडा पदार्थ शोधायचा.

तो पदार्थ त्यांना टेफ्लॉनमध्ये सापडला, आता आपल्या तव्यांवर असतो तोच. मँचेस्टरजवळच्या रायटिंग्टन रुग्णालयात हे काम चाले. ते मूळचं क्षयरोग्यांचं. क्षयावर औषधं निघाली तशा तिथल्या खाटा रिकाम्या होत गेल्या आणि सांध्यांच्या कामाला जागा मिळाली. ग्लुक यांचा डाव ज्या रोगाने उधळला तोच आता वाटेतून बाजूला होत होता. 1958 पासून सुमारे तीनशे जणांच्या खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसली. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले लोक चालू लागले. गोळा हाडात घट्ट बसवायला चार्नलींनी दातांच्या कवळ्यांचं अॅक्रिलिक घेतलं. त्याला सगळे ‘बोन सिमेंट’ म्हणतात, पण ते चिकटवण्यासाठी नसतं. फरशीखाली गवंडी माल भरतो तसा तो भराव आहे, वजन सगळीकडे सारखं वाटून देणारा.

दोन-तीन वर्षांत पेशंट दुखणं घेऊन परत येऊ लागले. निसरडं टेफ्लॉन भराभर झिजत होतं आणि त्याच्या भुकटीभोवती शरीरात खव्यासारख्या गाठी होत होत्या. या गाठी आसपासचं हाड खात होत्या. ही भुकटी शरीर सोसतं की नाही हे बघण्यासाठी चार्नलींनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. तिथे आलेली गाठ त्यांना पुरेशी होती. जवळजवळ सगळेच सांधे पुन्हा उकलायची वेळ आली. फेरशस्त्रक्रिया ते स्वतःच करत राहिले. माझ्या मते या माणसाचं खरं मोठेपण इथे आहे, पुढच्या यशात नाही.

1962 मध्ये एक विक्रेता रायटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. लँकेशायरच्या मागांसाठी तो प्लास्टिकचे दाते विकायचा. त्याने पॉलिइथिलीन नावाच्या प्लास्टिकचा तुकडा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्याकडे ठेवला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि वेळ फुकट घालवू नका म्हणाले. क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी गेल्यावर तो झिजवण्याच्या यंत्रावर चढवलाच. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस फिरलं, तरी तो तुकडा टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढाही झिजला नव्हता. निसरडेपणात तो टेफ्लॉनपेक्षा कमीच होता, पण खरा शत्रू भुकटी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिइथिलीनची पहिली वाटी बसली. तिच्यात फिरणारा धातूचा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा होता, कारण गोळा लहान तर घर्षणाचा पीळही कमी. संसर्ग टाळण्यासाठी चार्नलींनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती बंद खोका उभारला आणि त्यात गाळलेली हवा सोडली. सुरुवातीला शंभरात सात ते नऊ सांधे चिघळत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं.

गुडघा मात्र ऐकेना. खुबा म्हणजे वाटीत गोळा, पण गुडघा दिसतो तसा दाराच्या बिजागरीसारखा नसतो. वाकताना तो घरंगळतो, घसरतो, थोडा वळतोही. साध्या बिजागऱ्या बसवल्या की हा सगळा पीळ हाडावर येई आणि त्या सैल होत. 1968 मध्ये रायटिंग्टनलाच शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनेडियन सर्जनने बिजागरी सोडून दिली. मांडीच्या हाडाला धातूच्या गोलाकार पट्ट्या, नडगीवर प्लास्टिकच्या खाचा, आणि धरून ठेवायचं काम पेशंटच्या स्वतःच्या अस्थिबंधांकडे, म्हणजे लिगामेंट्सकडे. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि चित्तरंजन राणावत यांच्या गटाने 1974 च्या सुमारास जो गुडघा सिद्ध केला, त्याच्याच घराण्यातले गुडघे आज बसतात.

राणावत मूळचे मध्य प्रदेशचे, इंदूरला डॉक्टर झालेले. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा डावा आणि जून 2001 मध्ये उजवा गुडघा त्यांनीच बदलला. रोज पेपरात गुडघ्याची बातमी असायची. ‘गुडघे बदलले’ हे वाक्य आपल्या घराघरांत तेव्हापासून रुळलं, असं मला वाटतं. अडचण एवढीच होती की सुरुवातीचे गुडघे खुर्चीत बसण्यापुरतेच वाकायचे, आणि आपल्याला पाटावर मांडी घालायची असते. ‘मांडी घालू नका, कमोड लावून घ्या’ ही सूचना अजून पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. किंमत ही दुसरी अडचण. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाला 54,720 रुपये, अधिक जीएसटी.

आत्याच्या फाइलमध्ये इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर चिकटवलेले आहेत. एकावर ‘इन्सर्ट’ म्हणून पॉलिइथिलीन लिहिलंय, त्याच जातीचं, ज्यात चार्नलींनी नख रुतवलं होतं. सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला. वर धातू, खाली धातू, मध्ये रुंद काळी पट्टी. प्लास्टिकही एक्स-रेला दिसत नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, ‘गॅप एकदम छान.’ आत्याने विचारलं, ‘आणि ग्रीस?’